वोयतेख आला की

ब्रेव्नोव, प्राग
१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय मिलादा,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मला वाटलं, टपालवाल्याने शेजाऱ्यांचं पत्र चुकून आमच्या पेटीत टाकलं. तुझ्या बाबांच्या घरून आमच्याकडे चिठ्ठी यायची कधीचीच बंद झाली होती. ते गेल्याचंसुद्धा मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. माझा चुलतभाऊ होता गं तो. सुट्टीत आम्ही एकाच पलंगावर एकमेकांच्या तोंडाशी पाय करून झोपायचो. असो. तू लिहिलंस, बरं वाटलं.

ऐकलंस ते खरं आहे, घर विकतेय. गुडघे आता जिना चढू देत नाहीत. धाकटी बहीण ओटिलिया पीसेकला तळमजल्यावर राहते, तिच्याकडे जायचं ठरवलंय. ती घोरते, मी बडबडते. जमेल.

गिऱ्हाइकांना तोटा नाही. राजवट बदलली, मठातला सरकारी दफ्तरखाना हलला आणि साधू परत आले तेव्हापासून मठाच्या भिंतीखालच्या या आमच्या खुराड्यांना सोन्याचा भाव आलाय. एक जर्मन गृहस्थ येऊन गेले. खिडकीतून मठाचं शिखर बघून ‘आहा’ म्हणाले. माझं स्वयंपाकघर बघून काहीच म्हणाले नाहीत. मी त्यांना कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. घर घरच्याच माणसाला द्यायचं, हे माझं पक्कं आहे. भावाचं समोरासमोर बसून बोलू, तुला बुडवणार नाही.

अट एकच. सही आणि किल्ली, दोन्ही वोयतेख आला की. त्याआधी नाही. वोयतेख येईल तेव्हा मी इथेच असायला हवी. याबाबतीत मला कोणी आग्रह करायचा नाही.

तुझी,
आनेश्का आत्या


ताबोर
२७ ऑक्टोबर १९९१

प्रिय आत्या,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून लुबोशने मला उचलून गोल फिरवलं आणि मग घाबरून खाली ठेवलं. कारण असं की मला दिवस गेले आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, आम्ही आशा सोडली होती. डॉक्टरांनी सांगितलंय, जपून राहायचं, प्रवास करायचा नाही. म्हणून मी स्वतः येत नाही, लुबोश येऊन घर बघून जाईल. तो बोलत काही नाही, त्याचा राग मानू नका.

आम्ही सासूबाईंच्या दोन खोल्यांत राहतो. रात्री सासूबाईंची टीव्हीवरची मालिका संपली की आमचा पलंग उघडतो. त्यात पाळणा कुठे ठेवायचा, तुम्हीच सांगा. लुबोशला मे महिन्यापासून तुमच्याच मठात सुतारकामाची नोकरी मिळतेय. आम्हाला दुसरं काही नको, आत्या. एक दार हवं, आमचं आम्हाला बंद करता येईल असं.

वोयतेखची अट अगदी मान्य. मठाशेजारी राहणारं माणूस तारखेऐवजी संताचं नाव सांगणारच, असं लुबोश म्हणाला. सासूबाईंचंही तसंच. त्या संत मार्टिनला बदक कापतात आणि संत योसेफला बटाटे लावतात, आकडे फक्त वयाचे लपवतात. तेवीस एप्रिल! मी कॅलेंडरवर वोयतेखच्या नावाभोवती लाल पेन्सिलीने गोल केलाय. बाळ जूनमध्ये येईल, म्हणजे घर लावायला आम्हाला महिना दीड महिना मिळतो. देवाने जुळवून आणल्यासारखं आहे.

तुमची,
मिलादा


ब्रेव्नोव
२० नोव्हेंबर १९९१

प्रिय मिलादा,

लुबोश येऊन गेला. सगळ्या भिंती मोजल्या, माझी लाकडं फोडून रचून ठेवली आणि दिवसभरात मिळून दहा शब्द बोलला असेल. त्यातले चार ‘अजून एक डंपलिंग चालेल’ हे होते. माणूस मला आवडला.

तुझ्या पत्रातली ती ओळ मी दोनदा वाचली. तेवीस एप्रिल! वोयतेखच्या नावाचा दिवस तू ध्यानात ठेवलास, त्याच्याभोवती गोलसुद्धा केलास. तुमच्या घरात त्याची कोणी आठवण ठेवली असेल असं मला वाटलंच नव्हतं. तुझ्या बाबांना मी दोष देत नाही. शाळेत नोकरी होती, त्या दिवसांत आमचं नाव घेणंही महागात पडलं असतं. पण खरं सांगू? डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

वरच्या खोलीतला पलंग घातलेला आहे, तो तसाच राहू दे. लुबोशने बघितला, विचारलं काही नाही. चादरी मी दर पंधरवड्याला बदलते.

मी देवळात जाणारी बाई नाही, हे तुला माहीत असेल. पहाटेच्या घंटेने तर डोकं उठतं. पण हल्ली ती वाजली की मनात येतं, वाजू दे बापडी, कुणाला लांबून ऐकू गेली तर वाट सापडेल.

पोटातल्या बाळाला जप. जड उचलू नकोस आणि सासूशी वाद घालू नकोस. दोन्हीने पाठ धरते.

तुझी,
आत्या


ताबोर
११ एप्रिल १९९२

प्रिय आत्या,

हिवाळाभर मी पडून होते, म्हणून नाताळच्या कार्डापलीकडे काही लिहिलं नाही. आता उठायची परवानगी आहे. पोट असं आहे की पायातले बूट दिसत नाहीत.

तुमचं मागचं पत्र मी लुबोशला वाचून दाखवलं. संतावर घरच्या माणसासारखी माया करणारी आणि वर देवळात जात नाही म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली, असं तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं! पलंगाची काळजी करू नका. तुम्ही कधीही या, तो तुमचाच आहे.

लुबोश मागच्या आठवड्यात म्युनिकला जाऊन आला, मठाच्या दारांसाठी जुनं ओक बघायला; नोकरी मेपासून, पण काम आधीच लागलं. तिथे त्याला आपली बरीच माणसं भेटली, अडुसष्टमध्ये रशियन रणगाडे आल्यानंतर पळून गेलेली. सगळ्यांचं एकच, आता एकदा घरी जाऊन यायचं.

आता कामाचं. वोयतेख तेवीसला, गुरुवारी येतोय. आम्ही दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ट्रक घेऊन निघू. दुपारपर्यंत पोचतो. सासूबाईंनी त्यांची खोली परत ताब्यात घ्यायला सुरुवात केलीये, काल आमच्या पलंगावर शिवणयंत्र आलं. आता आम्हाला मागे जागाच नाही, आत्या, पुढेच यायचं.

तुमची,
मिलादा


ब्रेव्नोव
१५ एप्रिल १९९२

मिलादा, बाळा,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे. देव तुझं भलं करो. असलेला, नसलेला, कुठला का असेना. लुबोशला सांग, त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गुरुवारसाठी बदक सांगून ठेवलंय. खिडक्या पुसल्या. निळा पोशाख बाहेर काढला, कमरेला सैल झालाय.

तुम्ही शुक्रवारीच या. गुरुवार मला हवा.

आत्या


ताबोर
२७ एप्रिल १९९२

प्रिय आत्या,

तुम्ही हे पत्र उघडाल की चुलीत टाकाल, मला माहीत नाही. टाकलंत तरी चूक नाही.

शुक्रवारचं ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आम्ही आलो तर फाटक सताड उघडं. टेबलावर दोन माणसांची ताटं मांडलेली, बदक मध्ये, सुरीसुद्धा न लागलेलं. तुम्ही निळ्या पोशाखात, आदल्या दिवसापासून तशाच बसलेल्या. मला न बघता लुबोशच्या खांद्यावरून मागे बघत विचारलंत, “तो कुठे आहे? ट्रकमध्ये आहे का?”

लुबोश म्हणाला, “कोण?”

आणि मी, मूर्ख बाई, हसत हसत म्हटलं, “वोयतेख तर काल होऊन गेला ना, आत्या!”

“काल? काल इथे कुणी आलं नाही. मी फाटकातच बसून होते.”

आत्या, शपथेवर सांगते, वोयतेख हे तुमच्या मुलाचं नाव, हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरात त्यांचं नाव काढायची चोरी होती. ‘आत्याचा मुलगा पळून गेला’ एवढंच एकदा दाराआडून ऐकलं होतं, त्या वेळी मी नऊ वर्षांची होते. बाबांनी पुढे कधी तोंड उघडलं नाही, आणि नाव तर मी तुमच्या तोंडून शुक्रवारीच पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही ‘वोयतेख आला की’ लिहिलंत आणि मी कॅलेंडर बघितलं. तुमची बदकाची चिठ्ठी आली तेव्हाही आम्ही म्हटलं, आत्या संताचा सण करतेय. लुबोश म्युनिकला जाऊन आल्याचं मी लिहिलं, वर गुरुवार लिहिला. मी आता तेच पत्र तुमच्या डोळ्यांनी पुन्हा पुन्हा वाचून बघते.

ट्रक आम्ही तसाच वळवून आणला. तुम्ही ‘थांबा’ म्हणाला नाहीत आणि ‘जा’ही म्हणाला नाहीत, फक्त ताटं उचलायला लागलात. मदत करायची माझी हिंमत झाली नाही.

घराचं काही मनात आणू नका. ते तुमचं आहे. लुबोश मठाच्या कामगारांबरोबर राहील आणि शनिवारी-रविवारी घरी येईल. आमचं आम्ही बघू. रागावून का होईना, दोन ओळी लिहा.

तुमची,
मिलादा


ब्रेव्नोव
७ जून १९९२

प्रिय मिलादा,

दोन ओळी लिहायला दीड महिना लागला. रागावले होते. तुझ्यावर रागावणं सोपं होतं म्हणून तुझ्यावर रागावले. नंतर संतावर, कॅलेंडर छापणाऱ्यांवर आणि शेवटी माझ्यावर. सरळ ‘माझा मुलगा’ असं लिहिलं असतं तर माझं काय गेलं असतं? पण इतकी वर्षं हा शब्द जपून वापरायची सवय. दुकानात, दवाखान्यात, चौकशीला बोलावलं तिथे. शेवटी नुसतं नाव तेवढं राहिलं.

तो एकोणसत्तरमध्ये गेला, एकवीस वर्षांचा होता. आधी ऑस्ट्रिया, मग कॅनडा. काही वर्षं नाताळला कार्ड यायचं, ‘मी बरा आहे, घराला रंग दिलात का?’ एवढंच. मग तेही थांबलं. सरहद्द उघडली तेव्हा मी त्या पत्त्यावर लिहिलं. पाकीट परत आलं, माणूस इथे राहत नाही म्हणून. तो मेला असेल असं तू म्हणणार नाहीस, पण तुझ्या मनात येईल. माझ्याही येतं. पण मिलादा, त्याला या जगात एकच पत्ता पाठ आहे, आणि तो पत्ता म्हणजे हे घर. मी कुठल्या तोंडाने किल्ली देऊ?

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी. त्या गुरुवारी मी सकाळी उठले, बदक भाजलं, केस विंचरले आणि गाणं म्हटलं. शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली. संध्याकाळी चारपर्यंत माझा मुलगा येत होता. मिलादा, मी इतकी सुखात कधी होते ते मला आठवत नाही. तू मला फसवलं नाहीस. तो दिवस तू मला दिलास, चुकून का होईना.

बाळ झालं की कळव. लुबोश अधूनमधून येतो, फाटकाची बिजागरी नीट करून गेला. दहा शब्दांवरून पंधरावर आलाय.

आत्या


ताबोर
२ जुलै १९९२

प्रिय आत्या,

मुलगी झाली. बार्बोरा. साडेतीन किलोची, आवाज सासूबाईंचा. त्यांना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या, म्हणजे बघा.

एक सांगते, हसू नका. मुलगा झाला असता तर लुबोश वोयतेख नाव ठेवणार होता. दिवस भरत आले तेव्हा रात्री हळूच म्हणाला, “आत्याला बरं वाटेल, वोयतेख आला असं म्हणता येईल.” मी त्याला म्हटलं, खबरदार. आपल्या पोराचं नाव ठेवून दुसऱ्याच्या पोराची जागा भरायची, आणि त्या बदल्यात घराची किल्ली घ्यायची? त्याने मान हलवली आणि कूस बदलली. कूस बदलायला जागा नसल्यामुळे मीही बदलली.

तुम्ही लुबोशकडे दिलेल्या जुन्या पत्त्यावरून मी टोरांटोच्या आपल्या लोकांच्या मंडळाला लिहिलं होतं. कुणाला काही माहीत नाही, असं उत्तर आलं. वाईट बातमी नाही, एवढंच. पुन्हा दुसरीकडे लिहीन. घरासाठी लिहिते असं मात्र समजू नका. घराचा विषय माझ्यापुरता संपला.

बार्बोरा उठली. बाकी पुढच्या वेळी.

तुमची,
मिलादा


ब्रेव्नोव
२५ ऑगस्ट १९९२

प्रिय मिलादा,

बार्बोराला पापा. बरं केलंस. मुलगा होऊन ते नाव ठेवलं असतंत तर मी कौतुक केलं असतं आणि आतून तुमच्याकडे पाठ फिरवली असती.

आता नीट ऐक, आणि मला थांबवू नकोस.

मागच्या मंगळवारी मी जिन्यावरून पडले. मोडलं काही नाही. पण उठता येईना. तिथेच खालच्या पायरीशी पडून राहिले. आणि तेवढ्यात फाटक वाजलं. मग दाराची घंटा. कोणीतरी थांबलं, पुन्हा वाजवली. मी ओरडले, पण माझा आवाज तो केवढासा. पावलं गेली.

गॅसचा मीटर बघायला आलेला माणूस होता, शेजारणीने नंतर सांगितलं. तीच मला संध्याकाळी उचलायला आली. पण तोवर पडल्या पडल्या मी काय विचार केला असेल, ते तुला सांगायला नको. तो वोयतेख असता तर? इतक्या वर्षांनी आला असता, दोनदा घंटा वाजवली असती आणि घरात कोणी नाही असं समजून परत गेला असता. आणि मी दारापासून तीन हातांवर.

म्हणजे मी इथे आहे, एवढ्याने भागत नाही गं. वाट बघायला मी आता पुरी पडत नाही. मला वाटायचं, घर सोडणं म्हणजे त्याला सोडणं. पण घरात जे माणूस दार उघडू शकत नाही, ते नसल्यातच जमा. तुम्ही तरुण आहात. तुमच्याकडे वर्षं आहेत, पाय आहेत, आणि रडून सगळ्यांना जागं ठेवणारी एक मुलगी आहे. या घरात कोणी ना कोणी कायम जागं राहील.

तेव्हा या. सही करू, किल्ली घ्या. मी ओटिलियाकडे जाते, ती कधीची घोरायला सोबत शोधतेय.

कागदावर लिहायची नाही, पण माझी एक विनंती आहे. पंचेचाळिशीचा, डाव्या भुवईत खाच असलेला माणूस दारात आला तर त्याला कोण म्हणून विचारू नकोस. तो लाजरा आहे, मागे वळेल. आधी आत घे. बसव. जेवायला वाढ. खाऊन झालं की मग सांग. आई घर विकून गेली असं सांगू नकोस हं. सांग, दार उघडायला आम्हाला ठेवून गेली.

तुझी,
आत्या


ब्रेव्नोव
१८ ऑक्टोबर १९९२

प्रिय आत्या,

आम्ही रुळलो. पहाटेची घंटा वाजली की बार्बोरा उठते, मग लुबोश उठतो, मग मी उठून दोघांना ओरडते. सासूबाई एकदा येऊन गेल्या. जिना फार उंच आहे म्हणाल्या. मी म्हटलं, हो ना. वरचा पलंग घातलेला आहे, चादरी कालच बदलल्या.

आता ऐका. मागच्या रविवारी दुपारी फाटक वाजलं. मी कणीक मळत होते. खिडकीतून बघते तर एक माणूस, पंचेचाळिशीचा, टोपी हातात, घराकडे बघत उभा. तशाच पिठाच्या हातांनी धावले, दार उघडलं. तो काही बोलणार इतक्यात मी म्हटलं, “आधी आत या.” “अहो, पण...” “पण नाही. बसा.” सूप वाढलं, डुकराचं मांस आणि डंपलिंग वाढलं. टोपी डोक्यावर नव्हती तरी केस कपाळावर, भुवई दिसेना. लुबोश बार्बोराला घेऊन दारात पुतळ्यासारखा उभा. माणूस बिचारा खाली मान घालून खात राहिला, दुसऱ्यांदाही घेतलं. मग तोंड पुसून म्हणाला, “बाई, फार छान झालं होतं. मी फक्त विचारायला आलो होतो, मठाचं दार कुठल्या बाजूला?”

ब्रनोहून आला होता, सहलीला. लुबोश खुर्चीत बसून हसत सुटला, असा मी त्याला कधी हसताना बघितला नव्हता. आणि मी पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागले. त्या माणसाला वाटलं, त्याच्याकडून काही चूक झाली.

एक जेवण संपेपर्यंत, आत्या. तेवढा वेळ मी वाट बघितली, तेही दुसऱ्याच्या मुलाची, आणि संध्याकाळभर जरा आवाज झाला की मी दाराकडे बघत होते. तू हे एवढी वर्षं एकटीने कसं केलंस? आता मला तुला ‘तुम्ही’ म्हणवत नाही, रागावू नकोस.

ओटिलिया आत्यांनी लिहिलंय की रात्री जरा खुट्ट झालं तरी तू अजून उठून दाराशी जातेस. नको जाऊस. ते दार पीसेकचं आहे. इथलं मी उघडते.

तुझी,
मिलादा